इटलीचा नागरिक कोण?

मॅझिनी आणि गॅरिबाल्डी हीं नांवें महाराष्ट्राला परकीं नाहींत. मॅझिनीच्या आत्मचरित्राचें मराठी भाषांतर १९०७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि विखुरलेल्या संस्थानांतून एक राष्ट्र उभें करणाऱ्या या पुरुषांची कथा येथील तरुणांनीं मोठ्या आवडीनें वाचली. १८६१ सालीं इटलीचें राज्य स्थापन झालें. परंतु या राष्ट्रनिर्मितींतील एक विलक्षण गोष्ट अशी कीं, ज्या गॅरिबाल्डीच्या तलवारीनें दक्षिण इटली मुक्त केली, त्याचें स्वतःचें जन्मगांव नीस हें १८६० सालींच फ्रान्सच्या स्वाधीन करण्यांत आलें होतें. राष्ट्राचा एक निर्माता इटालियन. त्याचें जन्मगांव मात्र इटलीबाहेर! मनुष्य कोणत्या देशाचा हें त्याच्या जन्मभूमीवरून ठरवावें कीं त्याच्या कुळावरून, हा प्रश्न इटलीच्या वांट्याला असा प्रारंभापासूनच आला आहे.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. नागरिकत्व हा एक कागद दिसतो खरा; पण मत देण्याचा हक्क, अनेक सरकारी नोकऱ्या, निर्वेध प्रवास आणि परवान्याच्या मुदतीची टांगती तलवार नसलेलें वास्तव्य, इतक्या गोष्टी त्या कागदावर अवलंबून असतात. २०२४ च्या आरंभीं इटलींत सुमारें ५३ लाख परदेशी नागरिक राहत होते. त्यांना, किंवा बाहेरून इटलीकडे आशेनें पाहणाऱ्यांना, त्या देशाचें नागरिक होण्याच्या कोणत्या वाटा आहेत? मुख्य वाटा चार: वंश, विवाह, इटलींतील जन्म आणि दीर्घ वास्तव्य. या चारही वाटांचे नियम ५ फेब्रुवारी १९९२ च्या ९१ क्रमांकाच्या कायद्यांत ग्रथित आहेत. त्याला पुढें वेळोवेळीं ठिगळें लागलीं, तरी चौकट तीच आहे. या वाटा शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे ध्यानांत येतें कीं, हा कायदा देश सोडून गेलेल्यांची जितक्या मायेनें आठवण ठेवीत आला, तितक्या मायेनें देशांत नव्यानें आलेल्यांना त्यानें जवळ केलें नाहीं.

याचें कारण इतिहासांत सांपडतें. १८७६ पासून पुढील शंभर वर्षांत अडीच कोटींहून अधिक माणसें इटली सोडून गेलीं. व्हेनेतो, कालाब्रिया, सिसिली येथील दरिद्री शेतकरी जिनोव्हा व नेपल्सच्या बंदरांतून जहाजांत बसत आणि न्यूयॉर्क, साओ पाउलो, बुएनोस आयरेस गांठीत. ज्या देशांत ते उतरले त्यांपैकीं बहुतेक देशांचा नियम असा कीं, आपल्या भूमीवर जन्मलेलें मूल तें आपलें. म्हणजे एका पिढींतच ही सारी प्रजा इटलीला मुकणार! हें टाळण्यासाठीं १८६५ च्या दिवाणी संहितेंतील वंशाचें तत्त्व १९१२ च्या कायद्यानें अधिक पक्कें केलें. इटालियन पित्याचें मूल परभूमीवर जन्मलें आणि त्या देशानें त्याला आपलें म्हटलें, तरी तें इटालियनच राहील, असें त्या कायद्यानें ठरविलें. त्या काळीं हा नियम शहाणपणाचा होता. देशाजवळ येणारें कोणी नव्हतें, जाणारेच फार होते.

या तत्त्वाचा परिणाम मात्र शंभर वर्षांनीं विलक्षण झाला. कायद्यानें पिढ्यांची मर्यादाच घातलेली नव्हती. पणजोबा इटलींत जन्मले, आजोबांच्या जन्मापूर्वीं त्यांनीं दुसऱ्या देशाचें नागरिकत्व पत्करलें नाहीं, आणि मधली सांखळी कोठें तुटली नाहीं, एवढें सिद्ध झालें कीं पणतू इटालियन. त्याला नागरिकत्व 'दिलें' जात नसे. तो जन्मतःच नागरिक होता, असें केवळ 'मान्य' केलें जात असे. त्यासाठीं पणजोबांच्या गांवच्या नगरपालिकेंतून, तिला तिकडे 'कोमूने' म्हणतात, जन्माची नोंद काढावयाची. नागरी दप्तर नसलेल्या काळासाठीं चर्चचें दप्तर धुंडाळावयाचें. आणि प्रत्येक पिढीचे जन्माचे, लग्नाचे व मृत्यूचे दाखले जोडावयाचे. इटालियन भाषेचा एक शब्दही येण्याची आवश्यकता नव्हती. इटली डोळ्यांनीं पाहिलेली असण्याचीही नव्हती.

या सांखळींत स्त्रियांची कडी बराच काळ कच्ची धरली गेली. १९१२ च्या कायद्यानें नागरिकत्व सामान्यतः पित्याकडूनच येई. आणि इटालियन स्त्रीनें परदेशी पुरुषाशीं लग्न केल्यामुळें तिला पतीचें नागरिकत्व मिळालें, कीं तिचें स्वतःचें जाई. स्त्रीपुरुषसमानतेची ग्वाही देणारें संविधान १ जानेवारी १९४८ पासून अमलांत आलें, तरी हा अन्याय लगेच दूर झाला नाहीं. विवाहानें नागरिकत्व जाण्याचा नियम संविधान-न्यायालयानें १९७५ सालीं रद्द केला. आईकडूनही नागरिकत्व मिळतें, हें त्यानें १९८३ सालीं ठरविलें. परंतु १९४८ पूर्वीं इटालियन आईच्या पोटीं जन्मलेल्या मुलांना सरकारी कचेरींत दाद मिळेना. त्यांना व त्यांच्या वंशजांना न्यायालयाचीच पायरी चढावी लागे. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें कौल दिल्यावर ती वाट प्रशस्त झाली.

वंशाच्या या रुंद दरवाजाचें माप मार्च २०२५ मध्यें एकाएकीं अरुंद झालें. परदेशांत राहणाऱ्या इटालियन नागरिकांची संख्या २०१४ च्या अखेरीस सुमारें ४६ लाख होती, ती २०२४ च्या अखेरीस सुमारें ६४ लाख झाली, असें परराष्ट्रमंत्रालयानें सांगितलें. वकिलाती, नगरपालिका आणि न्यायालयें अर्जांनीं तुंबून गेलीं. तेव्हां सरकारनें २८ मार्च २०२५ रोजीं अध्यादेश काढला, आणि मे महिन्यांत त्याचें कायद्यांत रूपांतर झालें. त्यानुसार परदेशांत जन्मलेल्या व दुसरें नागरिकत्व असलेल्या मनुष्याचा हक्क मुख्यतः दोन पिढ्यांपुरताच उरला. त्याच्या आईवडिलांपैकीं किंवा आजीआजोबांपैकीं एकाजवळ तरी केवळ इटालियन नागरिकत्वच असलें पाहिजे, अथवा मृत्यूसमयीं असलेलें पाहिजे. नाहींतर आई किंवा वडील इटालियन झाल्यानंतर व या अपत्याच्या जन्मापूर्वीं इटलींत सलग दोन वर्षें राहिलेले असले पाहिजेत. २७ मार्च २०२५ च्या रात्रीपर्यंत ज्यांचे अर्ज दाखल झाले, त्यांना जुना नियम लागू राहिला. एका रात्रीच्या अंतरानें एक भाऊ आंत आणि दुसरा बाहेर, अशीही घरें यांत निघालीं असल्यास नवल नाहीं. ज्यांची ही वाट बंद झाली त्यांतील कांहींना एक आडवाट ठेवली आहे: आईवडील किंवा आजीआजोबांपैकीं कोणी जन्मानें इटालियन नागरिक असेल, तर इटलींत दोन वर्षें कायदेशीर वास्तव्य करून नागरिकत्वासाठीं अर्ज करतां येतो.

दुसरी वाट विवाहाची. इटालियन नागरिकाशीं विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीला इटलींत राहत असल्यास विवाहानंतर दोन वर्षांनीं, आणि परदेशांत राहत असल्यास तीन वर्षांनीं अर्ज करतां येतो. अपत्य असेल तर ही मुदत निम्मी होते. पूर्वीं इटलींत राहणाऱ्याला सहा महिनेच पुरत. पण कागदावरच्या लग्नांना आळा घालण्यासाठीं २००९ सालीं मुदत वाढविण्यांत आली. निर्णय होईपर्यंत विवाह टिकून असला पाहिजे. मध्येंच घटस्फोट अथवा कायदेशीर विभक्तता झाली, तर अर्ज बुडाला. गंभीर गुन्ह्यांतील शिक्षा किंवा राष्ट्राच्या सुरक्षिततेला धोका हीं कारणें असतील, तरच या वाटेवर नकार येतो. म्हणून ही वाट कृपेची नसून बव्हंशीं हक्काची मानली जाते.

तिसरी वाट इटलींत जन्मलेल्यांची, आणि कायद्याचा खरा स्वभाव येथेंच उघडा पडतो. परदेशी आईबापांचें मूल रोमच्या इस्पितळांत जन्मलें, तरी तें जन्मतः इटालियन नव्हे. आईबाप अज्ञात असतील किंवा कोणत्याच देशाचे नागरिक नसतील, अशा मोजक्या अपवादांतच भूमीचा नियम लागू होतो. एरवीं त्या मुलानें अठरा वर्षें पुरीं होईपर्यंत कायदेशीरपणें व अखंड इटलींत राहावयाचें, आणि नंतर एका वर्षाच्या आंत नगरपालिकेंत जाऊन 'मला इटालियन व्हावयाचें आहे' असें निवेदन करावयाचें. हें वर्ष अज्ञानांत निघून गेलें म्हणून अनेकांचा हक्क बुडत असे. २०१३ सालीं त्यांत सुधारणा झाली: अठरावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच्या सहा महिन्यांत नगरपालिकेनें त्या तरुणाला लेखी सूचना द्यावी, न दिल्यास मुदतीचें बंधन नाहीं; आणि आईबापांच्या किंवा कचेरीच्या चुकीचें खापर मुलावर फोडूं नये.

मारियो बालोतेल्ली या फुटबॉलपटूचें उदाहरण जगाला ठाऊक आहे. १९९० सालीं पालेर्मो येथें घाना देशांतील आईबापांच्या पोटीं त्याचा जन्म झाला. ब्रेशियाजवळील एका इटालियन कुटुंबानें त्याला वाढविलें. बोली, शिक्षण, खेळ, सारें इटलीचें. तरी इटलीचें नागरिकत्व त्याला अठरा वर्षें पुरीं झाल्यावर, ऑगस्ट २००८ मध्यें मिळालें. चारच वर्षांनीं, २०१२ च्या युरोपीय स्पर्धेंत, जर्मनीविरुद्ध दोन गोल करून त्यानें इटलीला अंतिम सामन्यांत नेलें. याच्या उलट उदाहरण डिसेंबर २०२४ मधील. अर्जेंटिनाचे अध्यक्ष हावियेर मिलेई रोमला आले असतां त्यांना इटालियन वंशाच्या आधारावर नागरिकत्व मिळालें, आणि इटलींत जन्मून वाढलेल्या मुलांना जें वर्षानुवर्षें मिळत नाहीं तें दुसऱ्या देशाच्या अध्यक्षाला सहज कसें मिळतें, असा प्रश्न अनेकांनीं विचारला. कायद्याच्या अक्षराप्रमाणें दोन्ही गोष्टी बरोबर होत्या; म्हणूनच तो प्रश्न व्यक्तीविषयीं नसून कायद्याविषयीं होता. २०२२-२३ या शालेय वर्षांत इटलीच्या शाळांत परदेशी नागरिकत्वाचीं सुमारें नऊ लाख मुलें शिकत होतीं, आणि त्यांतील निम्म्याहून बरींच अधिक इटलींतच जन्मलेलीं होतीं.

चवथी वाट दीर्घ वास्तव्याची. परदेशांतून पोट भरण्यासाठीं आलेल्या सामान्य मनुष्याला हीच काय ती मोकळी. येथें वर्षांची मोजणी माणसागणिक बदलते. सर्वसाधारण परदेशी मनुष्याला दहा वर्षें; निर्वासिताला आणि राष्ट्रहीनाला पांच; युरोपीय संघांतील देशांच्या नागरिकाला चार. या फरकाचा गोमंतकाशीं एक चमत्कारिक संबंध आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वीं पोर्तुगीज अमलाखालीं झालेल्या जन्मांच्या आधारें गोव्यांतील अनेक कुटुंबांनीं पोर्तुगालचें नागरिकत्व नोंदवून घेतलें आहे. असा गोंयकार इटलींत राहूं लागला, तर कायद्याच्या दृष्टीनें तो युरोपीय संघाचा नागरिक. त्याला चार वर्षें पुरतात. त्याच इमारतींत राहणाऱ्या, भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या रत्नागिरीच्या मनुष्याला दहा लागतात!

हीं दहा वर्षें नुसतीं राहून भागत नाहीं. वास्तव्याचा परवाना चालू असावा लागतो, आणि नगरपालिकेच्या रहिवासी-नोंदवहींत नांव अखंड असावें लागतें. घर बदलतांना नोंद तुटली, तर मोजणी पुन्हां पहिल्यापासून सुरू होण्याचा धोका असतो. म्हणून भाड्यानें जागा देणारा जर नोंदणीस मान्यता देईना, तर बिचाऱ्या भाडेकऱ्याचीं वर्षेंच वायां जातात. मागील तीन वर्षांचें उत्पन्न दाखवावें लागतें. एकट्या मनुष्यासाठीं वर्षाला सुमारें ८,२६३ युरो हें किमान प्रमाण धरलें जातें, आणि अवलंबून असलेलें कुटुंब असेल तर तें वाढतें. मूळ देशांतून जन्माचा दाखला आणि गुन्हा नसल्याचा दाखला आणावा लागतो. त्यांचें इटालियन भाषांतर व सरकारी प्रमाणीकरण करून घ्यावें लागतें. अर्जाचें शुल्क २५० युरो. २०१८ पासून भाषेची अटही आली. 'बी-१' या पायरीचें, म्हणजे दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणें करतां येईल इतकें, इटालियन ज्ञान मान्यताप्राप्त परीक्षेनें सिद्ध करावें लागतें. सिएना व पेरुजा येथील परदेशीयांसाठींचीं विद्यापीठें, रोमचें तिसरें विद्यापीठ आणि दान्ते अलिगिएरी संस्था यांच्या परीक्षा त्यासाठीं ग्राह्य आहेत. ही अट विवाहाच्या वाटेलाही आहे. गंभीर व्यंगामुळें भाषा शिकणें ज्यांना अशक्य, त्यांच्यावर ती लादतां येणार नाहीं, असा निर्णय संविधान-न्यायालयानें २०२५ सालीं दिला. वंशाच्या वाटेनें हक्क मान्य करून घेणाऱ्याला मात्र भाषेची परीक्षा नाहीं, हें येथें पुन्हां लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

इतकें सारें करूनही वास्तव्याच्या वाटेवर नागरिकत्व हा हक्क नसतो. तें राज्यसंस्थेच्या विवेकाधीन असतें. अर्जाचा निकाल दोन वर्षांत, आणि फार तर तीन वर्षांत लागावा, असें २०२० च्या कायद्यानें ठरविलें आहे. म्हणजे दहा वर्षें वास्तव्याचीं आणि दोन-तीन वर्षें प्रतीक्षेचीं. पंचविशींत आलेला मनुष्य चाळिशीच्या उंबरठ्यावर नागरिक होतो. शेवटीं नगरपालिकेंत नगराध्यक्षासमोर, अथवा त्याच्या प्रतिनिधीसमोर, प्रजासत्ताकाशीं एकनिष्ठ राहण्याची आणि संविधान व कायदे पाळण्याची शपथ घ्यावयाची. हुकूम हातीं पडल्यापासून सहा महिन्यांत ती घेतली नाहीं, तर हुकूम निष्फळ होतो. घेतली, तर दुसऱ्या दिवसापासून तो मनुष्य इटालियन. त्याच्याजवळ राहणारीं अज्ञान मुलेंही त्याच्याबरोबर नागरिक होतात; मात्र २०२५ पासून तीं आधीं दोन वर्षें इटलींत कायदेशीरपणें राहिलेलीं असलीं पाहिजेत, आणि मूल दोन वर्षांच्या आंतील असेल तर जन्मापासून. पैसा ओतून नागरिकत्व विकत घेण्याची सोय मात्र इटलींत नाहीं. मोठ्या गुंतवणूकदारालाही मिळतो तो वास्तव्याचा परवानाच.

इटलींत दीड लाखांहून अधिक भारतीय नागरिक राहतात. त्यांतील फार मोठा भाग पंजाबी आहे. पो नदीच्या खोऱ्यांतील गोठ्यांतून गाईंची निगा राखणारे आणि रोमच्या दक्षिणेकडील लातीना प्रांतांतील शेतांत राबणारे हे लोक; जगप्रसिद्ध इटालियन चीजसाठीं लागणाऱ्या दुधामागें त्यांचेही कष्ट आहेत. त्यांच्यासाठीं, आणि तेथें असलेल्या प्रत्येक मराठी मनुष्यासाठीं, या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे. इटली १९९२ पासून दुहेरी नागरिकत्व चालवून घेते. भारत घेत नाहीं. भारतीय नागरिकत्वाच्या १९५५ च्या कायद्यानुसार, स्वेच्छेनें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेणाऱ्याचें भारतीय नागरिकत्व संपुष्टांत येतें. पारपत्र परत करावें लागतें. त्यानंतर 'परदेशस्थ भारतीय नागरिक' या नांवाचें कार्ड मिळूं शकतें आणि त्यावर भारतांत येणें-राहणें सुकर होतें; परंतु त्याला नागरिकत्व म्हणणें हें नांवापुरतेंच. त्या कार्डावर मत देतां येत नाहीं, आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वडिलोपार्जित जमीन वारशानें येऊं शकते एवढेंच. ज्यानें गांवीं चार एकर घेण्यासाठींच परदेशांत घाम गाळला, त्याला शपथ घेण्यापूर्वीं या गोष्टीचा विचार करणें प्राप्त आहे.

इटलींतही हा कायदा असाच राहावा काय, याबद्दल एकमत नाहीं. इटलींत शिकणाऱ्या व जन्मलेल्या मुलांना लवकर नागरिकत्व देणारें विधेयक २०१५ सालीं कनिष्ठ सभागृहानें संमत केलें. परंतु डिसेंबर २०१७ मध्यें वरिष्ठ सभागृहांत गणसंख्येअभावीं तें पडून राहिलें. पुढें वास्तव्याची दहा वर्षांची अट पांचांवर आणावी म्हणून ८ व ९ जून २०२५ रोजीं सार्वमत घेण्यांत आलें. मत देणाऱ्यांपैकीं जवळजवळ दोनतृतीयांश लोकांनीं 'होय' म्हटलें. पण मतदान सुमारें ३० टक्केच झालें, आणि सार्वमत ग्राह्य होण्यास निम्म्याहून अधिक मतदारांनीं भाग घेणें आवश्यक असल्यामुळें तें निष्फळ ठरलें. ज्यांच्याविषयीं हा प्रश्न होता त्यांना मतच नव्हतें, हें सांगावयास नकोच.

या दोन घटना एकाच वर्षांतील आहेत. वसंत ऋतूंत इटलीनें दूरच्या पणतवंडांसाठीं दार लोटून घेतलें. उन्हाळ्याच्या आरंभीं घरांत राबणाऱ्यांसाठीं तें अधिक उघडण्याची संधि दवडली. वंशाच्या नात्याला मर्यादा असावी, हें आतां तेथील कायद्यानें मानलें आहे. सहवासाच्या नात्याला किती वर्षांनीं मान द्यावयाचा, हें ठरावयाचें आहे. तोंवर त्या देशांत राहणाऱ्या परदेशी मनुष्यानें आपली नोंद अखंड ठेवावी, दाखले जपावे, भाषा शिकावी. आणि त्याच्या घरीं अठरा वर्षांचें होऊं घातलेलें लेकरूं असेल, तर त्या एका वर्षाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावी.